सायकल राहू द्या, आधी पंचनामा करा

कर्जतहून मुरबाडकडे निघालं की वाटेत कशेळे लागतं. ठाकूरवाड्या आणि कातकरीवाड्यांतली माणसं दवाखान्याला, शाळेला, बाजाराला इथेच येतात. शनिवार-रविवारी याच रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग असते. कुणाला फार्महाऊस गाठायचं असतं, कुणाला खांडसवरून भीमाशंकर चढायचं असतं. या सगळ्यांच्या कडेकडेने, डांबराच्या तुटक्या काठावरून एक माणूस सायकल मारत असतो. गवंडी असेल, फार्महाऊसवरचा माळी असेल, नाहीतर आठवीतली पोरगी. हे सदर आज त्याच्यासाठी आणि तिच्यासाठी.

मागून गाडी येते. धडक बसते. माणूस शेतात, सायकल गटारात. गर्दी जमते आणि पंधरा मिनिटांत कुणीतरी ओळखीचा मधे पडतो. बोलणं सगळीकडे सारखंच. ‘केस नको. कोर्टात चपला झिजतील. नवी सायकल घेऊन देतो, वर दवाखान्याचे पाच-दहा हजार. मिटवून टाका.’

आणि मिटतं. मोडलेल्या पायाचा भाव सायकलच्या दुकानातल्या किमतीवरून ठरतो.

मला या सौद्याचा राग येतो. पैसे कमी मिळतात म्हणून तर येतोच. त्याहून जास्त येतो तो यासाठी, की कायद्याने जे त्या माणसाचं आहे ते त्याला कुणी सांगतच नाही. मग आजच सांगू.

गाडीचा विमा तुमच्यासाठी असतो

मोटार वाहन अधिनियम 1988, कलम 146. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. तो त्रयस्थ म्हणजे सायकलवाला, पायी चालणारा, बैलगाडी हाकणारा. गाडीमालक दरवर्षी हप्ता भरतो तो यांच्या जखमांसाठी. त्यामुळे भरपाई मागताना कुणापुढे हात पसरल्यासारखं वाटून घेऊ नका. ‘माझ्या सायकलचा तर विमा नाही’ असं म्हणत गप्प बसणारे मी पाहिले आहेत. सायकलला विमा लागत नाही, लायसन लागत नाही, हेल्मेटही कायद्याने सक्तीचं नाही. यातलं काहीच नसलं तरी हक्क पूर्ण आहे.

चूक कुणाची हा वाद नको असेल तर कलम 164 आहे. मृत्यू झाल्यास 5 लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, आणि चालकाची चूक सिद्ध करायची गरज नाही. चूक सिद्ध करता येत असेल तर कलम 166. तिथे रकमेला वरची मर्यादा नाही.

हिशोब करून बघा

34 वर्षांचा गवंडी धरा. बायको, दोन मुलं, म्हातारी आई. महिन्याला 12,000 रुपये कमाई. अपघातात तो गेला. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा आणि 2017 च्या प्रणय सेठी या निकालांत हिशोबाची रीत घालून दिली आहे. पुढे कमाई वाढली असती म्हणून 40 टक्के मिळवा: 16,800. चार माणसं अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा: 12,600. वर्षाचे झाले 1,51,200. या वयाला गुणक 16. उत्तर 24,19,200 रुपये. अंत्यविधी आणि सहवास गमावल्याची रक्कम आणखी वेगळी.

आता नाक्यावर जमलेल्या मध्यस्थाचा आकडा आठवा.

‘पगाराची पावती कुठे आहे?’ असं विचारून घाबरवलं जातं. बिगारी कामाला पावती नसते हे न्यायालयांना ठाऊक आहे. तिथे किमान वेतनाचा आधार घेतला जातो. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामालाही मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कीर्ती प्रकरणात ठणकावून सांगितलं. शाळकरी मुलाचं उत्पन्न शून्य धरू नका, कुशल कामगाराचं किमान वेतन धरा, असं 2025 मध्ये सांगितलं.

माणूस जगला पण अधू झाला, तर 2010 चा राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा निकाल लक्षात ठेवा. डावा हात तुटला तर डॉक्टरच्या दाखल्यावर अपंगत्व 60 टक्क्यांच्या आसपास येईल. सरकारी कारकुनाची नोकरी त्याने जाणार नाही. सुताराची किंवा ड्रायव्हरची मात्र जवळपास सगळी कमाई जाते. म्हणून न्यायालयाने सांगितलं, दाखल्यावरचा टक्का बघून थांबू नका, माणूस पोट कशावर भरतो ते बघा. ज्याची रोजीच अंगमेहनतीवर, त्याचा मोडका गुडघा स्वस्त नसतो. कशेळ्याच्या नाक्यावर तो सगळ्यात स्वस्तात जातो.

गाडी पळाली तर

रात्रीची वेळ, नंबर दिसला नाही, गाडी निघून गेली. घरचे म्हणतात, आता कुणाकडे मागायचं? सरकारकडे. 1 एप्रिल 2022 पासूनच्या योजनेत पळून गेलेल्या वाहनाने जीव घेतला तर 2 लाख आणि गंभीर जखमी केलं तर 50,000 रुपये मिळतात. अर्ज प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे. त्यासाठी वकील लागत नाही.

हे किती जणांना माहीत आहे? सर्वोच्च न्यायालयाच्या 12 जानेवारी 2024 च्या आदेशात उत्तर आहे. 2022 या एका वर्षात देशात गाडी पळून गेल्याचे 67,387 अपघात नोंदले गेले. 2022-23 मध्ये भरपाईसाठी आलेले अर्ज 205. निकाली निघाले 95. योजना कपाटात आणि माणूस खाटेवर. त्याच आदेशात न्यायालयाने पोलिसांना बजावलं, की महिनाभरात गाडी सापडली नाही तर या योजनेची माहिती जखमीला किंवा मृताच्या वारसांना लेखी द्या. कशेळ्याच्या पंचक्रोशीत असा कागद कुणाच्या हातात पडला नसेल, तर तो ठाण्यात जाऊन मागा.

गाडीच नव्हती, खड्डा होता

पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली जातो आणि सायकलचं पुढचं चाक त्यात. मुंबई उच्च न्यायालयाने 13 ऑक्टोबर 2025 रोजी स्पष्ट केलं, की चांगला, सुरक्षित रस्ता हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. खड्ड्याने मृत्यू झाल्यास 6 लाख, जखमीला दुखापतीप्रमाणे 50,000 ते अडीच लाख. रक्कम ठरवणाऱ्या समितीत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव असतील आणि पैसे जबाबदार अधिकारी व ठेकेदाराकडून वसूल होतील. तेव्हा पडल्यावर नशिबाला बोल लावायच्या आधी खड्ड्याचा फोटो काढा. दुसऱ्या दिवशी त्यावर खडी पडलेली असते.

सगळं अडतं ते पहिल्या दिवशी

इतके कायदे, इतके निकाल, आणि तरीही माणूस रिकाम्या हाताने राहतो. कारण पहिल्या दिवसाचा कागद नसतो. दवाखान्यात ‘सायकलवरून पडला’ असं लिहिलं जातं, कारण मध्यस्थाने तसंच सांगायला लावलेलं असतं. सहा महिन्यांनी पाय वाकडा जुळल्याचं कळतं, पैसे संपलेले असतात, आणि तेव्हा वकिलाकडे गेलं की विमा कंपनी तोच केसपेपर पुढे ठेवते: हा तर आपणच पडला.

म्हणून कशेळ्याच्या ग्रामीण रुग्णालयात पोचल्या पोचल्या डॉक्टरांना खरं सांगा: गाडीने ठोकलं. तसं लिहून घ्या. गंभीर असेल तर 112 ला फोन करा. मे 2025 पासूनच्या केंद्राच्या योजनेत मोटार अपघातातल्या जखमीवर योजनेतल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता होतात. उचलून नेणाऱ्याने घाबरू नये. कलम 134-अ त्याला संरक्षण देतं. नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

मग पोलीस. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती तिथेच मागा. अपघाताचा अहवाल 48 तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवणं आणि जखमीला त्याच्या हक्कांचा छापील कागद दहा दिवसांत देणं हे 2022 च्या नियमांनुसार पोलिसांचं काम आहे. कलम 166(4) प्रमाणे पोलिसांचा अहवालच भरपाईचा अर्ज म्हणून धरता येतो. एवढी सोय कायद्यात आहे. ती वापरून घ्यायला आधी तक्रार नोंदवावी लागते.

भरपाईच्या अर्जाची मुदत सहा महिने. उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा नोव्हेंबर 2025 चा अंतरिम आदेश आहे. पण अंतरिम आदेशाच्या भरवशावर कुणी झोपू नये.

अलिबाग लांब आहे, पण वकील फुकट आहे

कशेळ्याहून जिल्ह्याच्या ठिकाणी, अलिबागला जायचं म्हणजे मजुराची एक रोजी बुडते आणि एसटीचं भाडं वर. याच भीतीवर मध्यस्थाचं दुकान चालतं. तर ऐका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987, कलम 12. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती, स्त्रिया, मुलं आणि अपंग यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. म्हणजे आमचे ठाकूर, कातकरी सगळे यात आले. कर्जतच्या न्यायालयात चौकशी करा किंवा 15100 वर फोन करा. आणि ‘मिळतील त्यातले तीस टक्के माझे’ असं म्हणणारा वकील भेटला तर उठून या. निकालावर टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे.

तडजोड करायचीच असेल तर लोकअदालतीत करा. तिथे न्यायाधीश समोर असतात, रक्कम लिहिली जाते, ती पाळावी लागते. रस्त्याकडेला, रक्त वाहत असताना ज्याने होकार दिला, त्याने तडजोड केली असं मी मानत नाही.

विमा कंपनी काय विचारेल

‘सायकलला दिवा होता का? मागे लाल रिफ्लेक्टर होता का?’ हा प्रश्न हमखास येतो. नसला तर भरपाईचा काही हिस्सा कापला जाऊ शकतो, सगळी जात नाही. तरी मडगार्डला लाल चमकती पट्टी आजच चिकटवा. भरपाईपेक्षा जीव मोठा.

28 फेब्रुवारी 2024 च्या पहाटे नेरूळला पाम बीच रस्त्यावर सायकल चालवताना अवतार सैनी गेले. इंटेल इंडियाचे माजी प्रमुख, वय 68, मागून कॅबची धडक. सगळ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं आणि लिहायलाच हवं होतं. माझं म्हणणं इतकंच, की मागून येणारी गाडी सायकलवर कोण बसलंय ते बघत नाही, आणि कायदाही बघत नाही. बघतात ती मधे पडणारी माणसं. ठोकलेला कोण, त्याच्या मागे कोण उभं आहे, हे बघून ती आकडा बोलतात.

कशेळ्याच्या ग्रामपंचायतीला आणि रुग्णालयाला विनंती आहे. दाराशी एक पाटी लावा. गाडीने ठोकलं तर तसंच सांगा. गाडीचा नंबर लिहून ठेवा. एफआयआरची प्रत घ्या. बिलं जपा. 15100. पाच ओळी, मराठीत, मोठ्या अक्षरांत, आणि वाचता न येणाऱ्यांना वाचून दाखवणारं एक माणूस.

आणि वाडीवरच्या माझ्या माणसांनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. वाकलेलं मागचं चाक, दबलेलं कॅरिअर, त्यावर लागलेला गाडीचा रंग, हे सगळं सांगतं की धडक मागून बसली. नवी सायकल देणारा जुनी सायकल सोबत घेऊन जातो, आणि तिच्याबरोबर तुमचा पुरावाही जातो. ती मोडकी सायकल जागेवरून हलवायची असेल तर पोलिसांनी हलवावी. तोवर तिच्यापाशी घरातलं कुणीतरी बसून राहा.