सगळ्यांची आजी एकच

परदेशी जायचं तर आयेल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा, आणि आयेल्ट्स म्हटलं की क्लास. सध्या तिथे 'स्पीकिंग'ची तयारी जोरात आहे. तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची. समोर हाडामांसाचा परीक्षक (कधी पडद्यावर), बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं. सुरुवातीचे प्रश्न कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातले : गाव कुठलं, काय करता, आवड कशाची? पोहे तेवढे नसतात.

गाव कुठलं हे बार्शीच्या मुलाला ठाऊक असणार, असा आपला भाबडा समज. क्लासच्या नोट्समध्ये उत्तर आहे : 'माय होमटाउन इज अ व्हायब्रंट सिटी विथ अ प्लेथोरा ऑफ कॅफेज.' बार्शीच्या भगवंताच्या देवळाबद्दल तो न अडखळता बोलला असता. पण देऊळ नोट्समध्ये नाही.

मग क्यू कार्ड, म्हणजे विषयाची चिठ्ठी. विचाराला एक मिनिट, बोलायला फार तर दोन. 'तुमच्यावर प्रभाव टाकणारी व्यक्ती' हा हुकमी विषय. त्यासाठी क्लासने एक आजी तयार ठेवली आहे. ती पहाटे बागकाम करते, पूर्वी शिक्षिका होती आणि तिच्यात 'इनडॉमिटेबल स्पिरिट' आहे. अख्ख्या बॅचला ही एकच आजी. विषय पुस्तकाचा आला तर ते आजीने दिलेलं, प्रवासाचा आला तर तो आजीसोबत केलेला. घरची आजी दारातून विचारते, 'काय रे पुटपुटतोयस मघापासून?' तिला गप्प केलं जातं. आजी पाठ करणं चाललंय ना!

पोरांना तरी काय बोलणार? चौथीत फळ्यावरची 'माझी आई' उतरवून घेतली, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांच्या आया एकजात प्रेमळ आणि सुगरण निघाल्या होत्याच.

परीक्षक मात्र पाठांतर ओळखतो आणि रुळावरून खाली उतरवतो. 'आजीच्या बागेत झाडं कोणती?' नोट्समध्ये झाडं नाहीत! गुण चार गोष्टींना, सारखेच : ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. आजीच्या कर्तबगारीला शून्य. मराठी वळणाने बोललात म्हणून गुण कापत नाहीत, समोरच्याला कळलं की झालं. तरी क्लास 'ॲक्सेंट'चे वेगळे पैसे घेतो आणि आपण देतो.

निकाल सहसा दोन वर्षं चालतो. तोवर व्हिसा झाला नाही तर पुन्हा फी, पुन्हा परीक्षा. तेव्हा नोट्स रद्दीत घालू नका, धाकट्या भावंडालाही तीच आजी लागणार आहे.