पिवळ्या पाटीची कैफियत

हामामात्सु, जपान
रविवार, १८ जानेवारी २०२६

तीर्थरूप बाबांच्या चरणी शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

परवा रात्री आपल्याकडून फोन आला तेव्हा तिवशात साडेदहा झाले असतील. येथे दोन वाजून गेले होते, आणि अशा अवेळी घरचा फोन वाजला म्हणजे तो उचलण्यापूर्वीच्या चार पावलांत माणूस मनातल्या मनात किती जणांना पोचवून येतो, हे साडेतीन तासांच्या अलीकडे बसलेल्यांना समजणे कठीण आहे. फोनवर आई होती. ‘खरं सांग बाप्पा, तुही नोकरी गेली का?’ एवढेच तिने विचारले आणि पुढले सगळे रडण्यात गेले. मृणालने समजूत घातली, मी शपथ घेतली, तरी तिचा विश्वास बसेना. कारण आमच्याविरुद्ध साक्षीदार दत्तूकाका, आणि पुरावा ओवीने आजीला पाठविलेला फोटो.

त्या फोटोत ओवी आमच्या गाडीला टेकून उभी आहे. आजीला दिसला तो नातीचा पडलेला दात. दत्तूकाकांना दिसली ती गाडीची पिवळी पाटी आणि तिच्यावरचे काळे आकडे. चष्मा पुसून त्यांनी ती दोनदा पाहिली म्हणतात, आणि चहा अर्धा टाकून बसस्थानकाकडे निघाले. संध्याकाळपर्यंत ‘अव्वल कारकुनाचं पोरगं जपानात टॅक्सी चालवते’ ही बातमी मोझरीपर्यंत पोचली होती.

आपण तहसील कचेरीत चौतीस वर्षे काढलीत, तेव्हा आरोप तोंडी असला तरी जबाब लेखी हवा, हा आपला दंडक मला ठाऊक आहे. म्हणून आज रविवार साधून, एकीकडे दोरीवरच्या कपड्यांचे चिमटे सांभाळीत आणि दुसरीकडे कुकरच्या शिट्ट्या मोजीत, ही कैफियत लिहावयास बसलो आहे.

कलम पहिले, पाटीचे. येथे पिवळ्या पाटीचा आणि भाड्याचा काडीचाही संबंध नाही. लांबी ३.४० मीटर, रुंदी १.४८ मीटर, उंची २ मीटर आणि इंजिन ६६० सीसी, या चार मर्यादांच्या आत जी गाडी बसते तिला ‘केई’ म्हणजे हलकी गाडी म्हणतात. घरगुती वापराच्या केईला पिवळ्या पाटीवर काळे आकडे, त्या मापाबाहेरच्या घरगुती गाडीला पांढरी पाटी, आणि केई धंद्याला लावली तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे. सारांश, दत्तूकाकांनी पाटी बरोबर वाचली, मुलूख चुकला. नव्या केईला वर्षाचा कर १०,८०० येन, मार्च २०१५ पर्यंत नोंदलेल्या जुनीला ७,२००. गाडीने तेरा वर्षे ओलांडली की तो १२,९०० होतो, आणि आमची गाडी, जी मी तिसऱ्या मालकाकडून घेतली, पुढल्या वर्षी त्या वयात येते. चालविणारा सत्तरीपुढला असेल तर गाडीला चार पानांची रंगीत खूण लावण्याची येथे रीत आहे; आपण येथे येऊन गाडी हाती घेतलीत तर ती मी आपल्या पाठीमागे गुपचूप लावीन.

कलम दुसरे, जागेचे. या प्रकरणाने माझे पंधरा दिवस खाल्ले. १९६२ साली येथल्या सरकारने कायदा केला की गाडीवाल्याने रस्त्याला आपले अंगण समजू नये. रस्त्याबाहेर, राहत्या घरापासून २ किलोमीटरच्या आत, स्वतःची वा भाड्याची जागा ज्याला दाखविता येत नाही, त्याने गाडी बाळगू नये. मोठी गाडी घ्यायची तर पोलिसांचा जागेचा दाखला आधी, गाडी नावावर मागाहून. हलक्या गाडीवर एवढी मेहरबानी की आमच्या भागात दाखल्याऐवजी, गाडी घेतल्यावर, वर्दी दिली तरी भागते. मेहरबानी या शब्दावर आपण भुलू नये, म्हणून वर्दीसोबत जोडावयाच्या कागदांची यादी देतो: घर, जागा आणि त्या दोहोंमधले अंतर दाखविणारा एक नकाशा, जागेची लांबी-रुंदी आणि समोरच्या रस्त्याची रुंदी मीटरमध्ये दाखविणारा दुसरा नकाशा, आणि जागामालकाचे संमतिपत्र.

मी पहिला नकाशा काढला तो तलाठ्याच्या थाटात: पूर्वेस अमक्याची भिंत, दक्षिणेस नाला, पश्चिमेस सरकारी रस्ता. खिडकीमागच्या गृहस्थांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कमरेत वाकून आभार मानले, पुन्हा वाकून क्षमा मागितली आणि तितक्याच अदबीने परत केला, कारण सरकारी रस्त्याची रुंदी लिहिलेली नव्हती. भर थंडीत मी आणि ओवी टेप घेऊन रस्ता मोजू लागलो, तेव्हा शेजारच्या आजीबाई बाहेर आल्या आणि आमचे काय हरवले आहे असे समजून आमच्याबरोबर वाकून शोधू लागल्या. दुसऱ्या खेपेस मालकाच्या नावातली एक रेघ कमी भरली. तिसऱ्या खेपेस कागद रुजू झाला. या तीन खेपांत ‘साहेब जेवायला गेले’ असे कोणी म्हटले नाही, चहापाण्याचे सुचविले नाही, आवाज चढविला नाही. आणि बाबा, भांडायला कोणीच नसल्यामुळे आपल्या मुलाला त्या दिवशी फार एकटे वाटले.

या जागेचे भाडे दरमहा ५,००० येन, म्हणजे आपले तीन हजार रुपयांच्या घरात. वर छप्पर नाही, खाली खडी, दोन बाजूंना पांढरी दोरी. आपल्या मारुतीने कडुलिंबाखाली ज्या जागेवर तीस वर्षे बैठक मारली आहे, आणि जेथे तिच्या बोनेटवर मांजर बसते व टपावर आईच्या कुरड्या वाळतात, त्या जागेचे येथल्या दराने भाडे काढले तर ते दहा लाख ऐंशी हजार होते. ही बाब दत्तूकाकांच्या कानावर जाऊ देऊ नये. ते उद्याच आपल्या ओट्यासमोर दोऱ्या बांधतील.

(येथे तिसरी शिट्टी झाली, उठून आलो.)

कलम तिसरे, बंड्याच्या लग्नाचे. वरुडचे स्थळ, मुलगी एकुलती, संत्र्याची बाग, आणि बंड्याने तिकडेच राहावे ही अट. यावरून मोठ्या काकूंनी दोन दिवस अन्न सोडले असे आई म्हणाली. घरजावई होणे म्हणजे कुळाला बट्टा, हे काकूंचे मत त्यांच्यापाशी राहो; पण ज्या सुझुकी कंपनीची गाडी आपण कडुलिंबाखाली पुजली आणि मी पिवळ्या पाटीसह बाळगली, ती याच गावची, आणि ती जावयांनीच मोठी केली.

मिचिओ सुझुकी हा येथला सुतारकाम शिकलेला माणूस, जन्म १८८७ चा. आईचे विणण्याचे कष्ट हलके व्हावेत म्हणून त्याने आधी तिच्यासाठी माग केला अशी हकीकत येथे सांगतात. १९०९ साली त्याने मागांचा कारखाना काढला. या परगण्यात सुती कापडाचा धंदा जुना. शेजारच्या कोसाईचा साकिची टोयोडा, तोही मागवालाच, आणि त्याच्या घराण्यातून पुढे टोयोटा मोटार निघाली. म्हणजे जपानी मोटारींच्या दोन मोठ्या घराण्यांचा मूळ पुरुष शोधू गेले तर तो धोट्यापाशी सापडतो. पुढे १९५१ च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला आणि मागांना गिऱ्हाईक राहिले नाही. कापसाचा बाजार कोसळला म्हणजे घराघरांत काय होते, हे आपल्या तालुक्याला मी सांगावे असे नाही. येथे हाताशी लेथ होते, ओतशाळा होती, म्हणून त्यांना दुसरी वाट सापडली.

ती वाट दाखविली जावयाने. मिचिओचा जावई शुन्झो सायकलीवरून मासे धरायला जाई, आणि हिवाळ्यात येथे जो कोरडा वारा सुटतो, जो या क्षणी माझे शर्ट शेजाऱ्यांच्या हद्दीत नेऊ पाहतो आहे, त्याच्याशी झुंजता झुंजता सायकलीला इंजिन असावे असे त्याच्या मनात आले, अशी आख्यायिका आहे. १९५२ साली ३६ सीसीचे इंजिन लावलेली सायकल निघाली, १९५४ मध्ये कंपनीच्या नावात मोटार आली, १९५५ मध्ये ‘सुझुलाइट’ नावाची ३६० सीसीची चिमुकली गाडी, आणि शुन्झो झाला दुसरा अध्यक्ष. चौथा अध्यक्ष ओसामु. हा मूळचा मात्सुदा, बँकेत नोकरी करणारा. शुन्झोच्या मुलीशी लग्न करून त्याने सासऱ्याचे आडनाव घेतले आणि १९५८ मध्ये कंपनीत आला. १९७९ साली त्याने ‘आल्टो’ काढली, किंमत ४ लाख ७० हजार येन. जपानीत ‘आरुतो’ म्हणजे ‘जवळ असली की’, त्यावर कोटी करून ‘असली की सोयीची’ अशी त्याने तिची जाहिरात केली. किंमत खाली राहावी म्हणून ती मालवाहू गाडी म्हणून नोंदविली आणि प्रवासी गाडीवरचा कर टाळला. यास हुशारी म्हणावे की महसुलाची बुडवणूक, हा निवाडा आपल्याकडे सोपवितो. १९८२ च्या ऑक्टोबरात याच माणसाने आपल्या सरकारशी करार केला, आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींच्या हातून पहिल्या मारुतीची किल्ली दिली गेली. ओसामु २५ डिसेंबर २०२४ रोजी ९४ व्या वर्षी वारला. २०२५ साली भारत सरकारने त्याला मरणोत्तर पद्मविभूषण दिले. तेव्हा घरजावयाला पद्मविभूषण मिळते हे काकूंना सांगावे. आडनावाचे मात्र जेवण झाल्यावर, हळूहळू सांगावे.

कंपनीच्या मुख्य कचेरीपाशी तिच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. प्रवेश फुकट असल्यामुळे आपले संस्कार स्मरून मी सगळ्यांना घेऊन गेलो. तेथे जुना माग मांडून ठेवला आहे. तो पाहून मला आपला कापूस आठवला. १८९३ साली टाटांनी आणि येथल्या निप्पॉन यूसेन कंपनीने मुंबई ते कोबे आगबोटींचा मार्ग सुरू केला तो मुख्यतः कापसासाठी. आणि त्या काळी मुंबईच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला ‘उमरा’ म्हणत, उमरावती म्हणजे आपली अमरावती. या परगण्यातल्या कोणत्या तरी मागावर पणजोबांच्या वावरातल्या कापसाचे सूत चढले असेल काय? कागद कोठेही मिळावयाचा नाही; पण त्या मागासमोर उभा राहून मी मनातल्या मनात फेरफार मंजूर करून टाकला.

पुढल्या दालनात ती १९७९ ची आल्टो उभी होती. ओवी धावत गेली आणि ओरडली, ‘आबांची गाडी!’ आपली मारुती तिने दोनच उन्हाळ्यांत पाहिलेली, पण नाक तेच, डोळे तेच. माझ्या डोळ्यांपुढे मात्र श्रावणातली कौंडण्यपूरची वाट आली. काळ्या मातीत चारही चाके रुतलेली, आपण धोतर खोचून खाली उतरलेले, वावरातून धावून आलेली पाच माणसे, आणि मागच्या बाकावरून उतरायला साफ नकार देणारी आजी: ‘म्या उतरली तं गाडी रुसते!’ शेवटी त्या पाच जणांनी गाडी आजीसकट उचलून कडेला ठेवली. त्या वेळी तुम्ही सगळे गाडी किती हलकी म्हणून हसलात. ती मुद्दामच हलकी केलेली होती, हे मला समजायला पस्तीस वर्षांनी हामामात्सुला यावे लागले. मे महिन्यात काचा खाली करून, ओला पंचा डोक्याला बांधून, चार गिअरवर आपण नागपूर गाठीत असू. तसे ऊन येथे नाही, आणि तसा पंचा बांधलेला माणूसही नाही. संग्रहालयात मृणालने विचारले, डोळ्यांत काय गेले? मी म्हणालो, वारा. दालन बंद होते हे ती मला बोलली नाही.

आईचे पार्सल मंगळवारी मिळाले. तिळगूळ, जवसाची चटणी, मुंगवड्या सगळे शाबूत. फक्त तिखटाची पुडी फुटून ओवीच्या स्वेटरला तिवशाचा वास लागला आहे, आणि तो धुवायचा नाही असे ठरले आहे. येथल्या मिक्काबी भागात चांगली संत्री होतात. बिया नाहीत, साल नखाने सुटते, आणि ओवी ती आवडीने खाते. हे आईला सांगू नये, वरुडच्या पाहुण्यांना तर मुळीच नको.

आता विनंती. भंगारवाला मारुतीचे बावीस हजार देतो म्हणून आपण ‘काढून टाकू का’ असे फोनवर हळूच विचारलेत. रडारडीत मी उत्तर दिले नाही, ते येथे लेखी देतो. काढू नये. दर पाच वर्षांच्या फेरनोंदणीचा खर्च मी पाठवीन; येथे आमच्या गाडीची तपासणी दर दोन वर्षांनी होते आणि मार्चमध्ये तिचे ९०,००० येन लागावयाचे आहेत, त्यापुढे तो खर्च काहीच नाही. दिवाळीत आम्ही येतो. तेव्हा आईला पुढे बसवून कौंडण्यपूरला जाऊ. रुतलो तर उचलायला मी आहे.

हे पत्र दत्तूकाकांना मोठ्याने वाचून दाखवावे, भाड्याचे कलम वगळून. मृणालचा आपणा उभयतांस नमस्कार, ओवीचा गोड पापा.

आपला आज्ञाधारक,
सुधाकर

ता. क.: तिळगुळाचा डबा अमरावतीच्या ज्या वर्तमानपत्रात गुंडाळला होता, तो कागद मी इस्त्री करून वाचला. बाजारभावाच्या रकान्यात ‘कापूस’ एवढा शब्द राहिला असून पुढचा आकडा नेमका फाटला आहे. यंदा भाव काय निघाला, ते उलट टपाली कळवावे.