जवळचे रेल्वे स्थानक (अनिवार्य)

वांगणी म्हटलं की मुंबईकराचा पुढचा प्रश्न ठरलेला: ‘ईस्ट की वेस्ट?’ जव्हारच्या वांगणीचा माणूस यावर काय बोलणार? त्याच्याकडे पूर्व म्हणजे सूर्य उगवतो ती बाजू.

मुंबईच्या लेखी वांगणी एकच. बदलापूरच्या पुढची, शेलूच्या अलीकडची. तिथे लोकल थांबते, म्हणून ती आहे. जव्हारच्या वांगणीत थांबत नाही, सबब ती नाही. शिवाय शहरात या नावाचे उपयोग भरपूर. ‘वांगणीला घेतलं’ म्हणजे तेवढंच कर्ज मंजूर झालं. ‘वांगणीला राहतो’ म्हणजे लग्नाला उशिरा आला तरी बोलू नका. ‘पार वांगणी’ हे तर अंतराचं मापच.

परवा जव्हारच्या वांगणीतल्या एका पोराचा भरतीचा ऑनलाइन अर्ज भरायला बसलो. नाव, जात, उत्पन्न सगळं सुरळीत. मग आलं ‘जवळचे रेल्वे स्थानक’ आणि शेजारी लाल चांदणी. चांदणी म्हणजे भरलंच पाहिजे. जव्हार आणि शेजारचा मोखाडा, दोन्ही तालुक्यांत रूळ औषधालाही नाही. डहाणू रोड म्हणा, कसारा म्हणा, नाशिक रोड म्हणा, आधी एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. रकाना रिकामा सोडला, अर्ज लाल झाला. ‘लागू नाही’ लिहिलं, आणखी लाल झाला. शेवटी नुसतं ‘वां’ टाइप केलं तर यंत्राने आपणहून ‘वांगणी’ पुरवलं, हिरवी खूण दिली आणि वरच्या रकान्यातला जिल्हा पालघरचा ठाणे करून टाकला. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 रोजी. यंत्राने पोराला एका बोटासरशी त्या तारखेच्या आधीच्या काळात नेऊन बसवलं. मग परीक्षेचं केंद्र आलं बदलापूर. का, तर घरापासून पुढचंच स्टेशन! पोरगा आदल्या दिवशी एसटीने निघाला, रात्र फलाटावर काढली, पेपर दिला, पास झाला. कागदपत्रं तपासायला गेला तर साहेब म्हणाले, दाखला जव्हारचा, पत्ता ठाण्याचा, नक्की कुठला रे तू? ‘वांगणीचा,’ तो म्हणाला. साहेबांनी विचारलं, ‘ईस्ट की वेस्ट?’

हसू येतं, पण डोकंही फिरतं. मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे. तिथलं पाणी मुंबईला जातं, तेव्हा त्याला कुणी जवळचं स्टेशन विचारत नाही. पाण्याला चांदणी नाही, दाखला नाही, ते थेट नळाला! आणि त्याच तालुक्यात एप्रिल उजाडला की बायका हंडे घेऊन टँकरमागे धावतात, आजाऱ्याला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. रस्ता आहे का, हा रकाना कुठल्या अर्जात आहे? निदान तो तरी अनिवार्य करा की!

एका बिल्डरला मात्र दोन्ही वांगण्या ठाऊक दिसतात. स्टेशनवाल्या वांगणीच्या त्याच्या जाहिरातीत वर जव्हारचा दाभोसा धबधबा कोसळतोय, कडेने वारली बायका फेर धरून नाचतायत, खाली ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’. बुकिंग सुरू आहे.