कंसाच्या तावडीतले उमेदवार

देशात बेकारी आहे, असं पेपर रोज सांगतो आणि ‘योग्य माणूसच मिळत नाही हो,’ असं हिंजवडीतला एचआर रोज सांगतो. दोघंही खरं बोलतात. मधे एक शोधाची चौकट आहे.

या चौकटीत अँड, ऑर आणि नॉट नीट पेरले की लाखो बायोडेटांतून हवा तो हिरा वर येतो, असं बूलियन शास्त्र आहे. ज्यांच्या नावाने हे चालतं ते जॉर्ज बूल एका बूट शिवणाऱ्याचे चिरंजीव. पदवी एकही नाही, तरी 1849 मध्ये आयर्लंडमधल्या कॉर्कच्या कॉलेजात गणिताचे पहिले प्राध्यापक झाले. आज ‘अँड दहावीपासून सलग 60 टक्के’ या अटीवरच साहेब गळाले असते.

अँडचा सोस सगळ्यांनाच. मुळात हवा असतो एक जावा जाणणारा. टीम लीड म्हणतो, क्लाउड येत असेल तर बरं. साहेब म्हणतात, बँकिंगचा अनुभव हवाच. कुणीतरी जर्मनही टाकून ठेवतं, क्लायंट म्युनिकचा आहे म्हणून. वधू-वर मंडळातली अपेक्षांची यादी परवडली. तिथे निदान ‘पत्रिका पाहणे नाही’ म्हणायची सोय असते.

ऑरला कंस लागतो आणि घाईत तो राहतो. बहुतेक ठिकाणी यंत्र आधी अँड जुळवतं, मग ऑरकडे वळतं. त्यामुळे ‘जावा ऑर पायथन अँड पुणे’ लिहिलं की पायथनवाले पुण्याचे येतात आणि जावावाले अखिल भारतातले. मग गुवाहाटीला फोन जातो, ‘आज चारला हिंजवडीत येता का?’ (चारला हिंजवडी गाठणं कोथरूडच्या माणसालाही जमत नाही, हा भाग निराळा.)

खरी मौज नॉटची. ‘नॉट फ्रेशर’ म्हटलं की नवखे जातात. सोबत ‘टीममधल्या प्रत्येक फ्रेशरला मी घडवलं’ असं अभिमानाने लिहिणारा पंधरा वर्षांचा अनुभवीही जातो. यंत्राने शब्द पाहिला, वाक्य वाचलं नाही. वाचायला पगारी माणूस ठेवला आहे, पण तो दुसरा नॉट शोधण्यात गुंतलेला.

आणि ते ‘इमिजिएट जॉइनर’! स्वतःच्या माणसाला राजीनाम्यानंतर 90 दिवस बांधून ठेवणारी कंपनी दुसऱ्याचा माणूस सोमवारी सकाळी मागते. असा एखादा सापडलाच, तर पहिला प्रश्न विचारते, ‘सध्या घरी का बसला आहात?’

उमेदवारही आता तयार झालेत. काही जण पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत जगातली सगळी कौशल्यं दडवून ठेवतात. माणसाला दिसत नाहीत, यंत्राला दिसतात.

तेव्हा एचआरच्या ताई-दादांनो, एक विनंती आहे. शून्य उमेदवार दिसले की ‘बाजारात टॅलेंटच नाही’ असा मेल वर धाडण्याआधी एक अँड खोडून पाहा. सुरुवात जर्मनपासून करा. म्युनिकवाले मीटिंगमध्ये इंग्रजीच बोलतात.