कबुतरे पाळू इच्छिणाऱ्यांस सूचना

कबुतरे पाळण्याचा विचार पावसाळा संपल्यावर आणि घरातली वडीलधारी माणसे जेवून आडवी झाल्यावर जाहीर करावा. पहिला प्रश्न खर्चाचा येईल. त्यासाठी २०२० ची एक बातमी जवळ ठेवावी. बेल्जियममधल्या लिलावात ‘न्यू किम’ नावाची शर्यतीची कबुतरी सोळा लाख युरोंना, म्हणजे आपल्या चौदा कोटींच्या आसपास, गेली. घेणारा चीनमधला होता. ही बातमी एकदाच सांगावी. दुसऱ्यांदा सांगितली की आपली पाखरे कुठल्या लिलावात जाणार, असे कोणीतरी विचारते.

दुसरा प्रश्न ‘आपल्या घराण्यात ही थेरं कुणी केली होती?’ असा असतो. घराण्यात कोणी केली नसल्यास अकबराकडे वळावे. त्याच्या दरबारी वीस हजारांवर कबुतरे होती आणि त्यांतली पाचशे खास बादशहाची होती, असे अबुल फजलने लिहून ठेवले आहे. अकबर पुरेसा वाटला नाही तर डार्विन आहे. त्याने घरी कबुतरे पाळली, लंडनच्या कबुतरवाल्यांच्या दोन क्लबांचा तो सभासद झाला, आणि कबुतरांच्या साऱ्या जाती साध्या पारव्यापासून निघाल्या हे १८५९ च्या ग्रंथात पहिल्याच प्रकरणात मांडले. मात्र डार्विनचे नाव घरातच घ्यावे. सोसायटीत घेऊ नये. कारण पुढे येईल.

परवानगी मिळाली, किंवा नकार पुरेसा स्पष्ट नव्हता, की ढाबळ बांधायला घ्यावी. जागा निवडताना बाबराच्या वडिलांचे स्मरण ठेवावे. फरगण्याचा हा मिर्झा, उमर शेख, कबुतरांचा शौकीन होता आणि त्याची ढाबळ अखसीच्या किल्ल्यात कड्याच्या अगदी टोकाला होती. १४९४ च्या जूनमध्ये कडा ढासळला. ढाबळ, कबुतरे आणि मिर्झा एकदमच खाली गेले. वयाच्या बाराव्या वर्षी बाबर गादीवर आला आणि पुढचे सगळे आपल्याला शाळेत पाठ करावे लागले. तेव्हा ढाबळ गच्चीच्या कठड्यावर टेकवू नये. तोंड पूर्वेला ठेवावे, म्हणजे सकाळचे ऊन येते आणि पश्चिमेकडून झोडपणारा पाऊस पाठीवर बसतो. जाळी मांजर अडवणारी नको, उंदीर अडवणारी हवी. मांजर दिसते तरी. पाण्याचे भांडे खोलगट घ्यावे. चिमणी, कोंबडी पाण्याचा घोट घेऊन मान वर करतात, कबुतर चोच बुडवून सरळ ओढून पिते. नवशिका हे पहिल्यांदा पाहतो तेव्हा दहा मिनिटे तिथेच उकिडवा बसतो. घरच्यांना काळजी वाटू लागते ती इथून.

आता पाखरे. बाजारात पाऊल टाकताच नजर लक्क्यावर जाईल. साध्या कबुतराच्या शेपटीत बारा पिसे असतात, याच्या शेपटीत तीस-चाळीस. ती पंख्यासारखी उभारून, मान पाठीला टेकवून, छाती काढून तो फिरत असतो आणि समोरचे त्याला बहुधा दिसत नसावे. शोभेला उत्तम. तासन् तास आभाळात राहणारी पाखरे हवी असतील तर गिरेबाज घ्यावेत. लांब सोडून परत यायला हवे असेल तर होमर.

होमर घेताना एक पथ्य आहे. मोठा, उडता पक्षी कधीही घेऊ नये. तो तुमच्याकडे पंधरा दिवस राहील, महिनाभर राहील, तुमची बाजरी खाईल, तुमच्याकडे प्रेमाने पाहतो आहे असेही वाटेल. दार उघडले की विक्रेत्याच्या गच्चीवर. विक्रेता भला असेल तर फोन करतो. नसेल तर तोच पक्षी पुढच्या रविवारी पुन्हा विकतो, आणि त्यात त्याचा तरी काय दोष, पाखरू आपल्या पायाने आलेले असते. म्हणून नुकती स्वतः दाणे टिपू लागलेली पिल्ले आणावीत. ज्या गच्चीवरून ती पहिल्यांदा आभाळ पाहतील ती गच्ची त्यांची. त्या गच्चीवर एक माणूसही असतो, ही बाब त्यांच्या दृष्टीने दुय्यम आहे.

‘जोडी’ म्हणून जे मिळते ती जोडी असतेच. कशाची, ते पुढे कळते. नर गळा फुगवून घुमतो, मादीभोवती गोल फिरतो, शेपूट जमिनीला घासत चालतो. अंगात आले की माद्याही हे सगळे करतात. मादी एका वेळी दोनच अंडी घालते. तेव्हा घरट्यात चार अंडी दिसली तर पेढे वाटू नयेत. दोघीही माद्या आहेत, त्यांचे बरे चालले आहे आणि त्या अंड्यांतून काहीही निघायचे नाही.

प्रेमपत्रे पाठवण्याच्या हेतूने हा छंद धरणाऱ्यांची संख्या १९८९ च्या ‘मैंने प्यार किया’नंतरही शून्यावर आलेली नाही, म्हणून स्पष्ट सांगायला हवे. कबुतर पत्ता वाचत नाही. ते फक्त आपल्या घरी जाते. तिला चिठ्ठी धाडायची तर तिच्या घरी वाढलेले पाखरू टोपलीत घालून तुमच्या घरी आणावे लागेल, म्हणजे आधी तिच्या घरी जावे लागेल, आणि तिच्या वडिलांना टोपलीत काय आहे ते सांगावे लागेल. ओरिसा पोलिसांनी हे गणित नीट सोडवले होते. १९४६ मध्ये लष्कराकडून मिळालेल्या दोनशे कबुतरांवर त्यांनी कोरापुटात सेवा सुरू केली. एप्रिल १९४८ मध्ये नेहरूंचा निरोप संबळपूरहून कटकला पाखराने नेला, आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा-खांब आडवे झाले तेव्हाही ही पाखरे कामाला आली. पण त्यांच्याकडे ठिकठिकाणी ठाणी होती. तुमच्याकडे एक गच्ची आहे, तीही सामायिक.

खाण्याचे सोपे आहे. मोठ्या पाखराला दिवसाला तीसेक ग्रॅम दाणे पुरतात. बाजरी, ज्वारी, गहू, मका, जोडीला हरभरा किंवा मसूर. शिंपल्यांचा चुरा आणि विटेची भुकटी वेगळ्या वाटीत, कारण दात नसल्याने दळण पोटात होते आणि त्याला खडे लागतात. तीस ग्रॅम हा आकडा घरी सांगताना एकाच पाखराचा सांगावा. दहा जोड्यांचे महिन्याचे अठरा किलो होतात, आणि ज्वारीच्या भावावर घरात आधीच पुष्कळ बोलले जाते.

खरी विद्या दाण्यांच्या वेळेत आहे. आधी उडवायचे, मग खायला घालायचे. उलट केले तर पोट भरलेली टोळी समोरच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसते आणि तुम्ही ‘आऽऽ आऽऽ’ करत राहता. नवी पिल्ले आठवडाभर गच्चीवर जाळीच्या पेटीत बसवावीत, आजूबाजूची छपरे त्यांना पाठ होऊ द्यावीत. मग एका संध्याकाळी, उपाशी, दार उघडावे. बोलावण्याचा आवाज एकच ठरवावा: मूठभर मक्याचा पत्र्याचा डबा खुळखुळवणे. काही दिवसांत असे होते की स्वयंपाकघरात कोणी डाळीचा डबा हलवला तरी गच्चीवर फडफड ऐकू येते. टोळी वर असताना मान वर करून उभे राहावे. त्याचा उपयोग काही नाही, पण सगळे कबुतरवाले तसेच उभे राहतात. शिकरा किंवा बहिरी ससाणा आला तर तुम्ही शिट्ट्या मारण्यापलीकडे काही करू शकत नाही. संक्रांतीच्या आधी-नंतरचे चार-आठ दिवस मात्र कोणी कितीही आग्रह केला तरी दार उघडू नये. नायलॉनच्या मांजावर बंदी आहे, हे मांजाला माहीत नसते.

विणीच्या काळात घरातला खराटा बारीक होत जातो. कबुतराला घरटे बांधता येत नाही. चार काड्या आडव्या टाकून ते काम झाले असे समजते. म्हणून मातीचा परळ द्यावा. पहिले अंडे संध्याकाळी येते, दुसरे मध्ये एक दिवस सोडून दुपारी. मग सतरा-अठरा दिवस उबवणी. सकाळी दहाच्या सुमारास नर अंड्यांवर बसतो आणि दुपारी चार-पाचला उठतो. बाकीचा वेळ, सबंध रात्रीसकट, मादी. नराची हजेरी सरकारी कचेरीसारखी वाटेल. फरक एवढाच, की बदली माणूस आला नाही तर तो सहसा जागा सोडत नाही.

पिल्लू निघते ते डोळे मिटलेले, अंगावर पिवळे विरळ केस, चोच अंगापेक्षा मोठी. त्याला पाहून कोणी ‘किती गोड’ म्हणत नाही. ते आपली चोच आईच्या किंवा बापाच्या तोंडात खुपसते, मग दोघांच्या माना एकदम वरखाली हलू लागतात, आणि पालकाच्या गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून तयार झालेले दाटसर दूध आत उतरते. हे दूध नरालाही येते. ही माहिती घरातल्या स्त्रियांसमोर पुरवू नये. त्यानंतरच्या संभाषणात आपली बाजू लंगडी पडते.

घरात कोणाला दमा असेल तर मात्र या छंदाच्या वाटेला जाऊ नये. वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की फुप्फुसाला सूज येते, आणि डॉक्टरांकडे तिला ‘बर्ड फॅन्सियर्स लंग’ असे खास पाखरे पाळणाऱ्यांचे नाव आहे. ढाबळ रोज साफ करावी, मास्क लावून, आधी पाणी शिंपडून मग खरवडावे, कोरडा झाडू मारू नये. यात विनोदाला जागा नाही.

सोसायटीचा विषय इथेच निघतो. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री चढली आणि तेव्हापासून दर इमारतीत फुप्फुसांचे एक जाणकार तयार झाले आहेत. सभेत तुम्ही म्हणाल, आमची पाळीव जातिवंत पाखरे, डक्टमध्ये घाण करणारे पारवे वेगळे. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे काका शांतपणे डार्विन काढतील. दोन्ही एकच, पहिल्याच प्रकरणात आहे. ठराव बहुमताने मंजूर. सेक्रेटरींना दर महिन्याला भेटत राहावे, गच्चीच्या चाव्या त्यांच्याकडे असतात.

पिल्लू आठवडाभराचे झाले की पायात कडे घालावे. नंतर बोटे मोठी होतात आणि कडे चढत नाही. कड्यावर काय लिहावे याचाही विचार करावा. मे २०२३ मध्ये चेंबूरकडे एक कबुतर सापडले, पायात कडी, पंखांवर चिनी वाटणारी अक्षरे. हेरगिरीच्या संशयावरून पाखरू परळच्या जनावरांच्या दवाखान्यात नजरकैदेत गेले आणि आठ महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये सुटले. ते तैवानच्या शर्यतीतले, वाट चुकलेले निघाले. आपल्या कड्यावर देवनागरी आकडे असावेत, म्हणजे चौकशी निदान मराठीत होते.

शेवटी छंद सोडण्याविषयी, कारण त्याची चौकशी सुरू करण्याइतकीच होते. पाखरे मित्राला देता येत नाहीत, परत येतात. पन्नास मैलांवरच्या मित्राला दिली तरी येतात, थोडी दमून. विकली तर पुन्हा विकावी लागतात. कायमची पेटीत कोंडून ठेवणाऱ्याला द्यायला मन होत नाही. तेव्हा जायचे झाल्यास तुम्हीच जावे. फ्लॅट विकावा, ढाबळ जागेवर राहू द्यावी, मक्याचा डबा नव्या मालकाच्या हाती द्यावा आणि संध्याकाळी पाचला तो कसा खुळखुळवायचा ते एकदा करून दाखवावे. भाव ठरण्याआधी दाखवू नये.