तेराशे पंख्यांची कचेरी

भातसानगरात वीज तयार होते. धरणाच्या पायथ्याशी 15 मेगावॉटचं वीजघर आहे. तिथलं पाणी नदीने पिसे गावापर्यंत जातं आणि तिथून उचलून मुंबईच्या नळांना. अशा गावातल्या जुन्या कचेरीच्या भिंतीवर विजेच्या काटकसरीचे दोन-चार तारे शोभून दिसतील, असं मनात आलं. म्हणून बीईईची, म्हणजे आपल्या फ्रिजवर तारे चिकटवणाऱ्या त्याच सरकारी ब्युरोची, इमारतींसाठीची नियमावली काढून बसलो.

ही तारांकन योजना 2009 पासून आहे. वर्षभरात जाळलेली युनिटं, भागिले इमारतीचे चौरस मीटर. उत्तर जितकं लहान तितके तारे जास्त. आपल्यासारख्या उष्ण-दमट हवेत कचेरीची निम्म्याहून कमी जागा एसीची असेल, तर 85 युनिटांच्या आत पहिला तारा आणि 45 च्या आत पाच. एसी निम्म्याहून जास्त असेल तर हिशेब 200 पासून सुरू होतो आणि 100 च्या आत पाच तारे. म्हणजे पंख्याखाली घाम पुसत 90 युनिटं जाळणाऱ्याच्या वाट्याला भोपळा, आणि एसीत शाल पांघरून 99 जाळणाऱ्याला पाचही. दोघांची शर्यत वेगवेगळी, हे कळतं. तरी घाम पुसणाऱ्याला ते समजावून सांगायला मी जाणार नाही.

खरी गोम मात्र पुढे होती. जोडलेला भार किमान 100 किलोवॉट हवा! जुना पंखा साधारण 75 वॉटचा. नुसत्या पंख्यांवर ही अट पुरी करायची तर तेराशेहून जास्त पंखे टांगावे लागतील. तेवढा वारा सुटला तर फायली थेट मुरबाडला.

मुंबईचं बरं असतं. फोर्टातल्या 1972 सालच्या गोदरेज भवनाने 2010 मध्ये जुनी वातानुकूलन यंत्रणा आणि दिवे बदलले, आणि त्याचं उदाहरण आता अहवालांतून दिलं जातं. ज्याने आधी भरपूर जाळलं, त्याला वाचवायलाही भरपूर असतं.

आपल्याकडच्या जुन्या सरकारी इमारती मुळातच कमी खायच्या. उंच छत, जाड भिंती, पुढे लांब व्हरांडा, वर झरोके. मग कधीतरी दप्तर ठेवायला व्हरांडा ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांनी बंद होतो, झरोक्यांना कबुतरांच्या भीतीने पुठ्ठे लागतात, उरलेल्या खिडकीपुढे लोखंडी कपाट येतं. आत भरदिवसा काळोख. म्हणून ट्यूब, 40 वॉटची, वर चोक आपले दहा-बारा वॉट वेगळे खाणार. एलईडी लावली तर वीसेक वॉटांत भागतं, पण कपाट सरकवलं तर शून्यात. कपाट हलवायला मात्र आधी फाइल हलावी लागते, आणि फाइल त्याच कपाटात असते.

पंख्याची गोष्ट आणखी मजेची. भिंतीवरचा तो जुना, डब्याएवढा रेग्युलेटर एकवर आणला की सगळ्यांना काटकसर केल्यासारखं वाटतं. पंखा रेंगाळतो, पण वाचलेल्या विजेतली बरीचशी डब्यातच तापून जाते. डब्याला हात लावून बघा, गरम लागेल. नवे बीएलडीसी पंखे तिशीच्या आसपास वॉटांत पूर्ण वेगाने फिरतात. एसीचं म्हणाल तर 2020 पासून नवा एसी सुरू होताना आपणहून 24 अंशांवर येतो, आणि प्रत्येक वाढत्या अंशामागे सहाएक टक्के वीज वाचते असं ब्युरोचं म्हणणं. तो आपणहून 24 वर येतो. 18 वर त्याला माणूस नेतो.

हे सगळं मी ओळखीच्या एका शिपाईमामांना उत्साहाने सांगितलं. आकडे त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"समजा मिळाला तारा," ते म्हणाले, "तर लावायचा कुठं?"

"दारातच. आत येणाऱ्याला दिसेल असा."

"दारात काळोख आहे, सर. वर एक ट्यूब मागवावी लागेल."