वीस मिनिटांवरचे पावणे

“खराडी ना? कात्रजहून वीस मिनिटं.”

हे वाक्य बोलणारा माणूस तुमच्याही ओळखीचा आहे. तुमच्याकडे तो वाघोलीत राहत असेल नाहीतर वाकडला. पण नोकरीसाठी पुण्यात नव्यानं आलेलं पोरगं दिसलं की त्याच्या पाठीवर थाप मारणार, दोन एजंटांचे नंबर देणार, डबा देणाऱ्या मावशींच्या दारात नेऊन उभं करणार आणि ऑफिस किती लांब पडेल याचं ठोकून उत्तर देणार, तो हाच. आमच्या बिल्डिंगमधल्या या गृहस्थांना सगळे पावणे म्हणतात. ते आडनाव नव्हे. समोर येईल त्याला ‘काय पावणं’ अशी हाक मारायची त्यांची रीत आहे. वॉचमन, कुरिअरवाला, सोसायटीचे चेअरमन, सगळे पावणं. एकदा हेल्मेट नाही म्हणून चौकात अडवणाऱ्या हवालदारालाही ते ‘पावणं, जाऊ द्या की’ म्हणाले. हवालदारानं पाहुणचार न घेता पावती फाडली. तेव्हापासून ते नाव त्यांनाच चिकटलं.

वीस मिनिटं हा पावण्यांचा एकमेव आकडा. स्वारगेट वीस मिनिटं, हे आम्ही मान्य करतो. रविवारी दुपारी होतंही. पण हिंजवडी वीस मिनिटं. (“बायपासनं गेलं की काय आहे!”) विमानतळ वीस मिनिटं. चाकण म्हटलं की ते क्षणभर गंभीर होतात आणि म्हणतात, “ते जरा लांब आहे ओ. पंचवीस धरा.” नवले पूल, वारजे, चांदणी चौक, बावधन, बाणेर ही नावं त्या बायपासवर ओळीनं उभी आहेत आणि एकेका नावापाशी माणसाचे केस पांढरे होतात, हे त्यांच्या गावीही नाही. २ ऑक्टोबर २०२२ ला, मध्यरात्र उलटल्यावर, चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडला, तेव्हा निम्मं पुणं टीव्हीसमोर जागत होतं. पाडून झाल्यावरही पुलाचा थोडा सांगाडा उभाच राहिला, त्याची चर्चा पुढे दोन दिवस चालली. पावण्यांनी मात्र सकाळी दुधाच्या पिशव्या आणताना लिफ्टमध्येच निकाल दिला, “झालं! आता हिंजवडी पंधरा मिनिटं.”

वाकडला एका लग्नाला त्यांच्यासोबत जायचा योग आला होता. मुहूर्त बारा वाजून पाच मिनिटांचा. पावणे साडेअकराला खाली उतरले, तेही “लवकर जाऊन काय करायचं तिथं?” असं म्हणत. आम्ही कार्यालयात शिरलो तेव्हा अक्षता पायांखाली आल्या होत्या, नवरा-नवरी फोटोसाठी दमून उभे होते आणि जिलेबी संपून मठ्ठा उरला होता. पावण्यांनी घड्याळ बघितलं, मंडपाकडे बघितलं आणि अतिशय समजूतदारपणे म्हणाले, “लग्न लवकर लावलं की ओ यांनी.”

मी मूळचा पेठेतला. आमच्या लहानपणी कात्रज म्हणजे साप. १९८६ साली इथे सर्पोद्यान झालं आणि पाहुण्यांची मुलं सुट्टीत आली की त्यांना घेऊन यायचं ते इथे, डबा बांधून. पुढे पेशवे पार्कातले प्राणीही कात्रजलाच हलवले. सारसबागेशेजारची जागा वाघालासुद्धा सुटली, तिथे आमची काय कथा. मागोमाग आम्हीही आलो. पण आलो ते तोंड पाडून. पावणे आले ते जिंकल्यासारखे. कात्रजबद्दल एक शब्द वावगा बोललेला त्यांना चालत नाही. कुणी पेठेची मिजास दाखवली की ते तलावाकडे बोट करतात. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधून, जमिनीखालून दगडी नळ काढून शहरातल्या हौदांना आणि शनिवारवाड्याला पाणी नेलं, हा इतिहास त्यांनी पक्का पाठ केलाय. “तुमचे पेशवे आमच्या कात्रजचं पाणी पीत होते,” असं ते मला ऐकवतात, जणू त्या काळी व्हॉल्व्ह सोडायला हेच होते. मी एकदा चिडून विचारलं, “आणि ते पाणी वाड्यात पोचायला वेळ किती लागायचा?”

“उतार आहे की,” पावणे म्हणाले. “वीस मिनिटं.”

आता त्या खराडीच्या पोराचं सांगतो. आटपाडीकडचं पोरगं, पहिली नोकरी, रिपोर्टिंग सकाळी नऊला. त्याच्या मित्रांनी खराडीजवळच खोली बघितली होती. पावण्यांनी ती मोडायला लावली. “तिथं आपलं कोण आहे?” हा त्यांचा एकच मुद्दा होता आणि त्याला उत्तर नव्हतं. पोरगं रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं घाट उतरून पहाटे चारला कात्रजला उतरलं. पावणे स्प्लेंडर घेऊन हजर. रिक्षावाल्यांच्या घोळक्यातून त्यांनी त्याला असं सोडवलं की लग्नातल्या करवल्यांनी शिकावं. सॅक त्याच्या पाठीला, ज्वारीच्या पिठाची पिशवी टाकीवर, शेंगदाण्याच्या चटणीची बरणी पोराच्या मांडीत आणि भडंगाचा पुडा थेट पावण्यांच्या घरी. सात वाजेपर्यंत संतोषनगरात कॉट बेसिसवर जागा ठरली. आठपर्यंत गादी, बादली, मग, कपडे वाळत घालायची दोरी आणि कुलूप एवढी खरेदी झाली. कुलपाच्या दोन किल्ल्यांतली एक पावण्यांनी स्वतःकडे ठेवली. “हरवतात पोरं,” म्हणाले. त्यांच्या घरात दाराजवळ खिळ्यांची एक फळी आहे, तिच्यावर अशा किल्ल्या लटकलेल्या असतात. कोण कुठल्या किल्लीचं, हे त्यांना न बघता सांगता येतं. त्यातली काही पोरं केव्हाच खोली सोडून गेली, दोघं तर देशही सोडून गेले. किल्ल्या मात्र तिथेच.

साडेआठला पोरगं खराडीला निघालं. पावण्यांनी सांगितलं होतं, दहा मिनिटं हाताशी राहतील. दुपारी पोराचा फोन आला, “काका, वीस मिनिटं तर कात्रज चौकातच गेली.”

“मग? चौक सुटल्यावर वीस,” पावणे म्हणाले. “चौक कोण धरतंय?”

माझी एक समजूत आहे. पुण्याचा खरा नकाशा महापालिकेकडे नाही, तो एसटीच्या थांब्यांवर आहे. माणूस गाडीतून जिथे उतरतो, तिथेच कायमचा राहतो. नगर रोडनं आलेला नगरचा, बीडचा माणूस वाघोली-चंदननगरात थांबला. सोलापूरकर, लातूरकर हडपसर-मांजरीच्या पुढे सरकले नाहीत. नाशिक रस्त्यानं आलेल्यांना भोसरी-मोशीनं धरून ठेवलं. आणि सातारा, सांगली, कोल्हापूरचा माणूस घाट उतरला की डोळे चोळत कात्रजला पाय खाली ठेवतो. आंबेगाव, सुखसागरनगर, दत्तनगर त्यानं भरलं. नोकरी कुठल्या का टोकाला असेना. बॅगा जड असतात हे एक कारण. दुसरं असं, की गावाकडे परतायची गाडी डोळ्यासमोर थांबते. ती पकडायची नसते. पण थांबलेली दिसली पाहिजे.

पावण्यांचं गाव विट्याजवळ. तो सगळा मुलूख गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी तिथली माणसं केरळपासून दिल्लीपर्यंत पसरली. पावण्यांचे दोन चुलते असेच लांब गेले, तिथली भाषा बोलायला लागले, दिवाळीला येताना सोन्याच्या अंगठ्या घालून यायला लागले. पावणे मात्र २००३ च्या दुष्काळात विहीर आटली, जनावरं छावणीत नेली, तेव्हा निघाले आणि कात्रजला उतरले. चुलत्यांनी देश पालथा घातला, यांच्यानं कात्रज चौक ओलांडवला नाही, असं आम्ही त्यांना चिडवतो. ते हसतात. नोकरी मिळाली ती भोसरी एमआयडीसीत, एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये. म्हणजे शहराच्या बरोब्बर दुसऱ्या टोकाला.

हे आकड्याचं प्रकरण कुठून सुरू झालं, ते मला त्यांच्या घरच्यांकडून कळलं. वहिनी भाजी निवडत बसल्या होत्या आणि पावणे बाल्कनीतून कुणाला तरी फोनवर मगरपट्टा वीस मिनिटांवर आणत होते. वहिनी देठ मोडता मोडता म्हणाल्या, “आमचे मामंजी आजारी होते तेव्हा. यांना पाठवायला तयारच नव्हते. पहिल्या दिवशी यांनी एसटीडीवरनं फोन लावला. मामंजींनी एकच विचारलं, काम किती लांब आहे रे खोलीपासून? हे म्हणाले, वीस मिनिटं. लांब म्हटलं असतं तर म्हणाले असते, ये माघारी.” मग जरा थांबून म्हणाल्या, “पहाटे साडेपाचला निघायचे ओ. दोन बसा बदलून. रात्री यायचे ते बूट न काढता झोपायचे.”

हे मला कशाला सांगितलं, असं झालं. इतकी वर्षं या माणसावर मोकळेपणी चिडायची सोय होती, ती गेली.

तरी सुचतील तेवढे पुरावे मी त्यांच्या विरोधात जमवत राहिलो. लॉकडाऊनमध्ये एकदा पास काढून ते भोसरीला गेले. रस्त्यावर पोलीस आणि कुत्री सोडून कोणी नव्हतं. परत आल्यावर मी वेळ विचारली. “पस्तीस मिनिटं,” ते विजयानं म्हणाले, “बघा, जवळपास वीसच!” पुढे २०२४ च्या ऑगस्टमध्ये स्वारगेट ते कात्रज भुयारी मेट्रोला केंद्रानं मंजुरी दिली, तेव्हा आमच्याकडे त्यांनी पेढे वाटले. साडेपाच किलोमीटरसुद्धा पूर्ण नाहीत, म्हणजे मेट्रो स्वारगेटला वीस मिनिटांच्या आत नेणार. ही गोष्ट लक्षात आल्यावर ते दोन दिवस जरा गप्प होते.

एकाच ठिकाणाबद्दल ते खरं बोलतात. गाव किती लांब, असं विचारलं की सांगतात, “चार तास. टोलला गर्दी असली तर पाच.” इथे ते मिनिटसुद्धा कमी करत नाहीत, वाढवलं तर वाढवतात. त्यांच्या रानात आता टेंभू योजनेचं पाणी आलंय. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळून उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवत नेलंय, खानापूर-आटपाडीच्या माळावर ऊस दिसतो. मामंजी ते बघायला नव्हते. पाणी पोचलं तेव्हा यांचे फ्लॅटचे हप्ते अर्धे व्हायचे होते, मुलगी इथल्याच शाळेत नववीत होती. रान वाट्यानं दिलंय. पावणे वर्षातून दोनदा जातात, बांधावर उभं राहून फोटो काढतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. खाली कुणीतरी ‘छान लोकेशन’ लिहितं.

गेल्या महिन्यात ते खराडीचं पोरगं पेढे घेऊन आलं. फ्लॅट बुक केला होता. कात्रजमध्ये? छे, कात्रज कुठे परवडतंय आता. घाटापलीकडे, नसरापूरच्या बाजूला. हातात रंगीत माहितीपत्रक होतं, त्यावर हिरवे डोंगर, निळा पोहण्याचा तलाव आणि तलावाशेजारी पुस्तक वाचणारी, पुण्यात कधी न दिसणारी बाई. पोरानं पावण्यांच्या पाया पडून सांगितलं, “काका, बोगद्यातनं गेलं की कात्रज चौक फक्त वीस मिनिटं.”

पावण्यांचा चेहरा बदलला. एवढं चिडलेलं मी त्यांना पाहिलं नव्हतं. “कोण म्हणतंय वीस मिनिटं? खेड शिवापूरचा टोल कोण धरणार? शनिवारी महाबळेश्वरच्या गाड्या निघतात त्या? बोगद्यात ट्रक बंद पडला तर? लोकांना फसवायचे धंदे आहेत हे! तुला अक्कल नाही? विचारायचं तरी मला!” पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी माहितीपत्रकातल्या बाईकडे बघितलं.

रविवारी ते त्याला घेऊन साइटवर गेले, बिल्डरला झाडायला. सकाळी गेले ते संध्याकाळी आले. मी जिन्यातच गाठून वेळ विचारली. त्यांनी उत्तरच दिलं नाही. शूज काढत म्हणाले, “इमारत बरी आहे. पाण्याची बोअर मारलीये. मागच्या बाल्कनीतनं हायवे दिसतो, आपल्याकडच्या गाड्या जाताना दिसतात. आणि तिथनं विटा साडेतीन तास पडतंय ओ. गाव अर्धा तास अलीकडं आलं.”

मग खिशातून त्यांनी तसंच एक माहितीपत्रक काढलं, दुसरं, कोरं करकरीत. त्या मजल्यावर अजून एक टू बीएचके शिल्लक आहे म्हणे.